चौदा हजार फोटो आणि माणूस एकही नाही

...आणि वर मलाच विचारतं, ‘आमच्याबद्दलचा तुमचा अनुभव कसा होता?’ खाली पाच चांदण्या, रिकाम्या, त्या म्हणे मी भरायच्या! अरे बाबा, पण तू कोण? तेवीस प्लगइन्स आहेत माझ्या कॉम्प्युटरवर, तेवीस, त्यातलं तू कुठलं, आकाश निळं करणारं की दात पांढरे करणारं, हेच मला आठवत नाही, मग चांदण्या कसल्या देऊ तुला? बरं, ते बंद करावं तर दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरं डोकं वर काढतं, ‘आपण समाधानी आहात का?’ समाधानी! तुम्हाला सांगतो, हा प्रश्न मला माझ्या लग्नातसुद्धा कुणी विचारला नव्हता. मी ‘होय’वर क्लिक केलं आणि मोकळा झालो. मला काही वाटलं नाही.

म्हणजे तसं हल्ली मला फारसं काही वाटतच नाही, आता ते नोकरीमुळे असेल. मी लिफ्टच्या कंपनीत आहे, तक्रार विभागात, वीस वर्षं. दिवसभर कानाला फोन. पलीकडे कुणीतरी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध अडकलेला, घामाघूम, आईला हाका मारतोय, आणि मी इकडून म्हणतो, “आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, कृपया दार ढकलू नका.” पहिली काही वर्षं त्या माणसांबरोबर माझाही जीव कोंडायचा हो, घरी आलो की आधी सगळ्या खिडक्या उघडायचो. मग एक दिवस ते थांबलं. कधी थांबलं तेही कळलं नाही. आमची ही म्हणते, “अहो, निदान घरात तरी त्या आवाजात बोलत जाऊ नका.” आता मला आवाजच तो एक आहे, दुसरा आणू कुठून?

तर डॉक्टर म्हणाले, एखादा छंद लावून घ्या, मी कॅमेरा घेतला. अकरा वर्षं झाली. आणि फोटो कशाचे? तर पुलांचे, जिन्यांचे, बाकांचे, बंद दुकानांच्या दारांचे. माणसांचे नाहीत. दिवसभर माणसं ऐकल्यावर संध्याकाळी पुन्हा माणसं बघायची हौस कुणाला असते? आणि फोटो काढले की ते सुधारावे लागतात, आणि सुधारायचे म्हटले की आलीच ती प्लगइन्स. प्लगइन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत, पण तरी सांगतो. फोटो सुधारायचं एक मोठं सॉफ्टवेअर असतं, त्याला मिक्सरला वेगळं भांडं लावतो तसं हे बाहेरून लावायचं. एक भांडं धुकं घालतं, एक धुकं काढतं. माझ्याकडे दोन्ही आहेत. एकदा दोन्ही एकाच फोटोवर चालवून बघितली, तर फोटो होता तसा परत आला आणि पाऊण तास गेला. आणि प्रत्येकाचे पहिले चौदा दिवस फुकट! आता फुकट आहे म्हटल्यावर माणूस हातचं सोडतो का? एकाचे चौदा दिवस संपले की दुसऱ्याचे सुरू, अशी मी गेली तीन वर्षं काढली.

हा नाद लावला कुणी, तर आमच्या कॅमेरा क्लबातल्या एका गृहस्थांनी. त्यांना आम्ही हिस्टोग्राम म्हणतो. हिस्टोग्राम म्हणजे फोटोत उजेड किती आणि अंधार किती त्याचा आलेख, आणि हे गृहस्थ फोटो बघतच नाहीत, आलेखच बघतात. स्वतःच्या नातीचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो हातात घेऊन म्हणाले, “डावीकडे जरा जास्त झालंय.” पोरगी बिचारी मधोमध बसलेली! पण क्लबात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. त्यांनी एखाद्या प्लगइनचं नाव घेतलं की आम्ही सगळे वह्या काढतो.

आणि माझ्या फोटोंत आले माझे सासरे. आता तुम्ही म्हणाल, यात सासरे कुठून आले? अहो, तेच तर सांगतोय. ते सगळीकडेच यायचे! सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, आणि पहिल्याच रविवारी मी कॅमेऱ्याची बॅग उचलली तर हे आपले दारात बूट घालून उभे. आयुष्यभर त्यांनी दुकानांमधले वजनकाटे दुरुस्त केले. बॅग माझ्या हातातून घेतली, जरा वरखाली केली आणि म्हणाले, “चार किलो सहाशे.” मी गंमत म्हणून घरी येऊन मोजली, चार किलो सहाशे वीस. वीस ग्रॅमचं काय, विचारलं तर म्हणाले, “पट्ट्याला घाम लागलाय, जावईबापू.” तेव्हापासून बॅग त्यांच्याकडे, ट्रायपॉड त्यांच्याकडे, आणि दर रविवारी मी पुढे आणि ते मागे.

मागे राहायचे कुठे म्हणा! मी पुलासमोर ट्रायपॉड लावला की हे बरोब्बर जिथं उजेड पडलाय तिथं जाऊन उभे. “जावईबापू, इथं उभा राहू?” मी पहिला फोटो उजेड तपासायला काढायचो, त्यात ते असले तरी माझी काही हरकत नसायची. मग म्हणायचो, “जरा डावीकडे सरका.” ते सरकायचे. “अजून थोडं.” अजून सरकायचे. “अजून.” असं करत करत चौकटीच्या बाहेर जाईपर्यंत त्यांना सरकवायचं आणि मग खरा फोटो काढायचा. त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं, जावई आपल्याला बरोबर जागेवर उभं करतोय. ताठ उभे राहायचे, हसायचे सुद्धा, तिथं, चौकटीच्या बाहेर! आणि मी कॅमेरा खाली घेतला की विचारायचे, “आला का?” मी म्हणायचो, आला ना, छान आला. खोटं नव्हतं ते, पूल छानच आला होता. आणि तुम्हाला सांगतो, अकरा वर्षांत त्या माणसानं एकदाही म्हटलं नाही की दाखवा बघू. मलाही काही वाटलं नाही.

मग गेल्या वर्षी क्लबानं प्रदर्शन काढलं, विषय ‘निर्मनुष्य’. झालं! हा तर माझाच विषय. मी फोटो काढून बसलो, तर जो चांगला वाटावा त्यात कुठेतरी माणूस. कुठे सायकलवाला, कुठे एखादी बाई पिशवी घेऊन चाललीय, आणि बहुतेक ठिकाणी सासरेबुवा. म्हणजे खऱ्या फोटोपेक्षा तो उजेड तपासायचा पहिला फोटोच सरस निघत होता, आता उजेडाला काय कळतं! मी हिस्टोग्रामना विचारलं. ते म्हणाले, “त्यात काय, माणसं काढायचं प्लगइन आहे. एक बटण.”

उतरवून घेतलं. चौदा दिवस फुकट. मी आपला नेहमीसारखा विसरलो, आठवण झाली तेव्हा चौदावा दिवस उजाडला होता. पुलाच्या फोटोवर चालवून बघितलं, समोर सासरेबुवा उभे, बटण दाबलं, आणि ते गेले. त्यांच्या जागी मागचा कठडा आला, कठड्यावरचा गंजसुद्धा आला, इतकं सफाईदार काम मी आमच्या कंपनीच्या मेकॅनिककडूनसुद्धा बघितलेलं नाही. मी म्हटलं, आज शेवटचा दिवस, उद्यापासून हे पैसे मागणार, मग एकेक फोटो कशाला? अख्खं फोल्डरच घालूया! चौदा हजार दोनशे फोटो. त्यानं विचारलं, मूळ फोटो ठेवायचे की त्यांच्या जागी नवे टाकायचे? डिस्क भरत आली होती, मी म्हटलं, टाक जागेवर. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की का? विचारलं हो त्यानं, उगाच नाव कशाला ठेवू? मी म्हटलं, नक्की. जेवण झाल्यावर सुरू केलं, चहाच्या वेळेपर्यंत सगळं साफ.

बॅकअप? बघा, लगेच मनात आलं ना तुमच्या? होता की बॅकअप! दर संध्याकाळी सहा वाजता आपोआप व्हायचा, हिस्टोग्रामनीच लावून दिला होता. सहा वाजले, त्यानं इमानेइतबारे चौदा हजार रिकामे फोटो उचलले आणि भरलेल्यांच्या जागी नेऊन ठेवले. मी बघत होतो. मला काही वाटलं नाही. उलट घर झाडून घेतल्यावर वाटतं ना, तसं बरंच वाटलं.

प्रदर्शनात माझ्या पुलाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सासरेबुवा नवा शर्ट घालून आले होते. जो भेटेल त्याला सांगत होते, “हा फोटो काढला तेव्हा मी होतो तिथं.” मग चष्मा पुसला आणि फोटोच्या अगदी जवळ गेले, इतके की काचेला नाक लागेल. बराच वेळ बघत राहिले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. आणि मला हळूच म्हणाले, “जावईबापू, मी कुठाय यात?”

मी म्हटलं, “तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे होतात.”

जरा विचार केला त्यांनी. मग म्हणाले, “हो, असेन. बॅग होती ना माझ्याकडे.” आणि जाऊन खुर्चीवर बसले. बस, एवढंच. घरी येताना रिक्षात उत्तेजनार्थचं प्रमाणपत्र त्यांनीच मांडीवर धरलं होतं, वाऱ्यानं दुमडू नये म्हणून. आणि मला, तुम्हाला सांगतो, काही वाटलं नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. खरोखरचे. दुपारी पेपर वाचता वाचता. डॉक्टर आले, नातेवाईक आले, आमची ही रडून रडून आडवी झाली, आणि मी दवाखान्याला फोन, फुलवाल्याला फोन, सगळी व्यवस्था चोख. माझा आवाजच तसला, समोरचा माणूस ऐकतो. मेव्हणी म्हणाली सुद्धा, “भाऊजी होते म्हणून निभावलं.” रडायचं राहूनच गेलं माझं. आता त्याला काय करणार?

मग ठरलं की महिन्याभरानं एका रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे जमायचं, त्यांच्या चार आठवणी सांगायच्या, आणि बाहेरच्या खोलीत त्यांचा एक मोठा फोटो लावायचा. आमची ही म्हणाली, “फोटोची काळजी नाही. घरात अकरा वर्षं कॅमेरा आहे.” आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली. स्वतःच्या फोनमध्ये तिच्याकडे नव्हतेच काही, एक होता, त्यात वडील केकवर वाकलेले आणि तोंडासमोर कुणाचा तरी हात. घरात फोटोग्राफर असल्यावर बाकीचे कशाला काढतील फोटो?

मी फोल्डर उघडलं. पूल, रिकामा. जिना, रिकामा. बाक, रिकामं. बाकाच्या एका टोकाला माझी बॅग, चार किलो सहाशे, आपली आपणच बसलेली. ती म्हणाली, पुढे जा. मी पुढे गेलो. अजून पुढे. शंभरेक फोटो झाल्यावर म्हणाली, “अहो, बाबा कुठायत?”

मी सांगितलं. प्लगइन, चौदावा दिवस, डिस्क, बॅकअप, सगळं क्रमानं सांगितलं, त्याच आवाजात. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्यांची मला सवय आहे. ती ओरडली नाही. हातातला पदर सोडला आणि म्हणाली, “तुम्हाला काही वाटतं की नाही हो?” आता हा प्रश्न लोक उत्तरासाठी विचारत नाहीत हे मला कळतं. पण मी खरंच प्रामाणिकपणे आत जाऊन बघून आलो. काही सापडलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली, दूध आलंय, किल्ली तिथं आहे, एवढंच. आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कामापुरतं बोलायचं म्हटलं तर काम असतं कितीसं!

मग मी हट्टाला पेटलो. म्हटलं, प्लगइननं घालवलं ते प्लगइननंच आणीन. त्यांच्या पेन्शनच्या कार्डावर एक फोटो होता, नखाएवढा, अर्ध्या गालावर शिक्का. तो मोठा करायला घेतला. पहिल्या प्लगइननं शिक्का काढला, त्याच्याबरोबर कानही काढला. दुसऱ्यानं कान परत दिला, पण उजवाच, म्हणजे आता दोन्ही उजवे! तिसरं चेहरा दुरुस्त करणारं, त्यानं तोंडात बत्तीस दात बसवले, सासरेबुवांना शेवटची दहा वर्षं चार होते. चौथ्यानं सुरकुत्या काढल्या तर निघाला कोण, तर कुठल्या तरी बँकेचा तरुण मॅनेजर! तो मी मेव्हणीला पाठवला. ती म्हणाली, “भाऊजी, छान आलाय हो फोटो. कोण आहेत हे?” पाचवं त्यातल्या त्यात बरं होतं, डोळे तरी त्यांचे वाटत होते, पण पैसे भरल्याशिवाय कपाळावर आडवं ‘नमुना’ लिहून येत होतं. मी एकेक छापून जेवणाच्या टेबलावर ठेवत गेलो. आमची ही ताटं मांडताना बघायची, आणि उचलून बाजूला ठेवायची. पालथे.

शुक्रवार आला. परवा माणसं यायची होती. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन नुसता बसलो होतो, काही करत नव्हतो, ते रिकामे फोटो आपले एकामागून एक सरकवत होतो. ती चहा घेऊन आली, कप ठेवला, आणि निघता निघता थांबली. म्हणाली, “मागे जा.” मी एक फोटो मागे गेलो. “अजून एक.” ग्रंथालयाच्या पायऱ्यांचा फोटो होता, उतरत्या उन्हातला. पायऱ्यांवर कुणी नाही. पण तिनं बोट ठेवलं ते खाली, फरशीवर. तिथं एक लांबलचक सावली पडली होती. पायऱ्यांवर माणूस नाही आणि फरशीवर त्याची सावली आहे. त्या प्लगइननं माणूस काढला होता हो, सावली काढायचं त्याला कळलं नव्हतं!

सावलीचा एक हात खाली, बॅगेच्या पट्ट्यावर. दुसऱ्या हाताचं कोपर वर, डोक्यापाशी.

“बाबा केस विंचरतायत,” ती म्हणाली.

आणि मला आठवलं. त्यांच्या वरच्या खिशात एक छोटा कंगवा असायचा. मी ट्रायपॉड उभा करीत असलो की ते तो काढायचे, उरलेसुरले केस बसवायचे, आणि मग विचारायचे, इथं उभा राहू का? मी उजेड बघत असायचो, आकाश बघत असायचो, ते मी कधी बघितलंच नव्हतं, म्हणजे डोळ्यांनी बघितलं असेल. ती म्हणाली, “घरात कधी विंचरले नाहीत त्यांनी केस. मी मागे लागायचे. तुम्ही फोटो काढताय म्हणून विंचरायचे.”

तेव्हा वाटलं. तुम्हाला खरं सांगतो, लाज वाटली. ती खुर्ची ओढून बसली, आणि आम्ही दोघं चौदा हजार फोटो पहिल्यापासून बघायला लागलो. माणसं बघायला नव्हे, जमीन बघायला. आणि होते हो, होते! ढगाळ दिवस सोडले तर जागोजागी होते. पुलावर होते, बाकापाशी होते, बंद दुकानाच्या शटरवर तर उभेच्या उभे होते. दुपारचे आखूड, संध्याकाळचे लांब, आणि प्रत्येक ठिकाणी कोपर वर. विंचरायला केस कितीसे, मोजून पन्नास! ती हसायला लागली. मग रडायला लागली. मग म्हणाली, “चहा गार झाला तुमचा, दुसरा करते.” आठ दिवसांत माझ्या काळजीचं तिनं बोललेलं पहिलं वाक्य होतं ते.

शनिवारी मी पायऱ्यांचा फोटो मोठा छापून घेतला. फ्रेमवाला म्हणाला, साहेब, यात काहीच नाहीये. म्हटलं, असू दे, काच चांगली बसव. रविवारी माणसं जमली. फोटोसमोर उभी राहायची, पायऱ्या बघायची, वर खिडक्या बघायची, एकमेकांकडे बघायची, आणि बोलायची काही नाहीत, शोकाच्या घरी कोण बोलणार? मग आमची ही पुढे होऊन बोटानं दाखवायची. मेव्हणीला दाखवलं, तर ती फरशीवर हात फिरवावा तशी काचेवर हात फिरवत राहिली.

आणि सगळ्यात शेवटी आले आमचे हिस्टोग्राम. हात जोडले, फोटोसमोर उभे राहिले, मान तिरकी केली, एक डोळा मिटला. पाच मिनिटं हलले नाहीत. मला म्हणाले, “काय सुंदर फोटो आहे हो हा! तुम्ही आजवर काढलेला सगळ्यात चांगला. फक्त एक करा, ती खालची सावली तेवढी काढून टाका. सगळी नजर तिकडेच जाते.”

आमची ही माझ्याकडे बघतेय. माणूस जाणकार आहे, फोटोतलं कळतं त्याला.

म्हटलं, “हो ना. आमचीही तिकडेच जाते.”